पैनगंगाकाठची उष्णोदके आणि पंचायतीचे कर्तव्य

आपल्या यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवर पैनगंगामाईच्या अलीकडे कापेश्वर व पलीकडे नांदेड जिल्ह्यात उनकेश्वर, अशी ऊन पाण्याची दोन स्थाने आहेत. शरभंग ऋषींच्या व्याधिनिवारणार्थ प्रभू रामचंद्रांनी बाण मारून उनकेश्वरचे उष्णोदक प्रकट केले, अशी परंपरागत कथा आहे.

१८५३ पर्यंत हे दोन्ही काठ निजामाचे होते. त्या साली वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात गेला आणि नदी ही राज्यांची सीमा बनली. पाणी भूगर्भातले, भाविक दोन्ही तीरांचे, परंतु सरकारे दोन! १ नोव्हेंबर १९५६ रोजी दोन्ही तीर एका राज्यात आले. पुढे १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाने घाट, पाणी व स्वच्छता ही कामे गावाकडे सोपविली. १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या.

परदेशात अशा पाण्याचा उपयोग गावकारभाराने कसा केला, तेही पाहण्यासारखे आहे. फ्रान्समधील शोद-एग गावी ८२ अंशांचे पाणी चौदाव्या शतकापासून घरे उबदार करीत आले. आइसलँडच्या रेक्याविक नगरीत १९३० साली नळाने ऊन पाणी शाळेत व घरांत पोहोचविले गेले. आपले पाणी तितके कढत नाही; त्याचा उपयोग स्नानाचाच.

मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पावसाचे पाणी भेगांतून खोल मुरते, तेथील उष्णतेने तापते व वर येते. वाटेत खडकांतील क्षार, प्रसंगी फ्लोराइडही, त्यात विरघळते. फ्लोराइडयुक्त पाण्याने दात व हाडे कशी बिघडतात, हे आपल्या जिल्ह्यातील पांढरकवडा, झरी-जामणी भागाने भोगले आहे. म्हणून स्नानाचे पाणी तपासणीवाचून पिऊ नये, लेकरांस तर मुळीच पाजू नये. त्वचारोग्यानेही श्रद्धेने स्नान करावे, परंतु औषध दवाखान्यातलेच घ्यावे.

कुंडात साबण न लावणे, सांडपाण्यास वेगळी नाली, मायभगिनींसाठी आडोसा आणि पाण्याची नियमित तपासणी, एवढे पंचायतीने व गावकऱ्यांनी मिळून केले तरी पुष्कळ झाले. देवळाचा कळस आपण वर्गणी काढून चढवितो; देवळापुढचे पाणी राखणे हाही जीर्णोद्धारच होय.