प्रवाळाला उजेड किती?

मंडळी, मुंबईच्या मत्स्यालयाच्या नावात आपलं तारापूर आहे, हे कधी लक्षात आलंय का? तारापोरवाला म्हणजे मूळचे तारापूरचे. डी. बी. तारापोरवाला या पारशी दानशूरांनी दोन लाख रुपये दिले आणि १९५१ मध्ये मरीन ड्राइव्हवर ते मत्स्यालय उघडलं. मात्र आजचा विषय मासे नव्हे, प्रवाळ. म्हणजे आपलं पोवळं.

घरी खाऱ्या पाण्याची टाकी ठेवणारी पोरं मला विचारतात, "सर, एलईडी किती टक्क्यांवर ठेवू?" प्रश्न आजचा वाटतो, पण त्याचं मूळ शंभर वर्षं जुनं आहे. प्रवाळ हा प्राणी. मग प्राण्याला उजेड कशाला हवा?

उत्तर त्याच्या पेशींत राहणाऱ्या शैवालात होतं. जर्मनीच्या कार्ल ब्रांट यांनी १८८१ मध्ये त्याला झूझँथेला हे नाव दिलं. पण ते तिथं करतं काय? १९२८ मध्ये मॉरिस यंग यांची ब्रिटिश मोहीम ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर गेली. त्यांनी प्रवाळ अंधाऱ्या पेट्यांत कोंडले. शैवाल निघून गेलं, पण खायला मिळालं तसे प्राणी जगले! यंग म्हणाले, प्रवाळ मांसाहारी आहे, शैवाल फक्त घाण उपसतं. निरीक्षण चोख, निष्कर्ष अर्धवट. कारण जगणं वेगळं आणि वाढणं वेगळं. १९३७ मध्ये पलाऊ बेटांवर जपानच्या सिरो कावागुती यांनी प्रवाळाचा ऑक्सिजन मोजला. उजेडात तो खर्चापेक्षा जास्त तयार होत होता. पुढं १९५९ मध्ये थॉमस गोरो यांनी किरणोत्सारी कॅल्शियम-४५ वापरून दाखवलं, की उजेडात सांगाडा अंधारापेक्षा कितीतरी वेगानं बनतो. (असं कॅल्शियम अणुभट्टीत बनतं, बरं का. आपली तारापूरची भट्टी त्यानंतर दहा वर्षांनी, १९६९ मध्ये सुरू झाली.)

म्हणून दुकानदार सांगतो, "जास्त उजेड, जास्त वाढ." इथंच टाक्या मरतात. शैवालाची भूक एका मर्यादेपर्यंतच असते. त्यापुढचा उजेड वाया जातो, मग बाधतो. शैवाल बाहेर पडतं आणि प्रवाळ पांढरा होतो. भर दुपारी समुद्राच्या पृष्ठभागावर उजेड साधारण दोन हजार मायक्रोमोल असतो, पण टाकीतल्या मऊ प्रवाळांना शंभराच्या आसपास पुरतो. फांद्यावाल्या दगडी प्रवाळांना दोनशे ते साडेतीनशे.

आपल्या किनाऱ्याचंच बघा ना. सातपाटीपासून मुंबईपर्यंत गाळाचं, गढूळ पाणी, भरती-ओहोटीचा मोठा फरक. तरी मुंबईत हाजी अली आणि वरळीच्या खडकांवर प्रवाळ आहेत; २०२० मध्ये कोस्टल रोडसाठी त्यातले काही हलवावे लागले. मंद उजेडाची सवय झालेला असा जीव भगभगीत निळ्या दिव्याखाली ठेवला तर काय होईल?

आणि आणखी एक. २००१ पासून दगडी प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या अनुसूची एकमध्ये आहेत, वाघाच्या पंगतीला. आपल्या समुद्रातून एक फांदीसुद्धा तोडायची नाही. दुकानात आधी जात विचारा, मग दिवा.

दिवा घेतलात तर आधी कमी ठेवा, तीन-चार आठवड्यांत हळूहळू वाढवा. प्रवाळ तपकिरी झाला तर बहुधा उजेड कमी पडतोय, फिका पडला तर त्याच दिवशी दिवा उतरवा. टक्क्यांचा आकडा विसरा. माझे टक्के आणि तुमचे टक्के, दिवे वेगळे.