मुक्त सॉफ्टवेअर आणि मराठी मजकुराचे भवितव्य : वाशीम जिल्ह्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
वाशीम जिल्ह्यातील कारंजा (लाड) हे गाव तेथील जैन शास्त्रभांडारांमुळे अभ्यासकांना परिचित आहे. रायबहादूर हिरालाल यांनी मध्यप्रांत व वऱ्हाडातील संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची सूची १९२६ मध्ये प्रसिद्ध केली आणि या भांडारांतील अपभ्रंश ग्रंथांकडे विद्वानांचे लक्ष वेधले गेले. पुढे अमरावतीच्या किंग एडवर्ड महाविद्यालयातील प्रा. हिरालाल जैन यांनी ‘करकंडचरिउ’सारखे ग्रंथ संपादित करून प्रकाशात आणले (१९३४). दीर्घकाळ बासनात राहिलेल्या पोथ्या वाचता आल्या, कारण त्यांची लिपी कोणा एकाच्या मालकीची नव्हती. याउलट, १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा होऊन वाशीम जिल्हा अस्तित्वात आला, त्या काळात संगणकावर टंकलिखित झालेला पुष्कळसा मराठी मजकूर मूळ फॉन्ट हाती नसल्यास आज वाचता येत नाही. हा विरोधाभास समजून घेण्यासाठी मुक्त सॉफ्टवेअर चळवळीचा इतिहास पाहणे आवश्यक ठरते.

१. ‘मुक्त’ म्हणजे ‘मोफत’ नव्हे :
रिचर्ड स्टॉलमन यांनी सप्टेंबर १९८३ मध्ये ‘ग्नू’ प्रकल्पाची घोषणा केली व १९८५ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनची स्थापना केली. सॉफ्टवेअर कोणत्याही हेतूने वापरणे, त्याची रचना अभ्यासून बदलणे, त्याच्या प्रती वाटणे आणि सुधारित प्रती वाटणे, ही चार स्वातंत्र्ये या चळवळीचा पाया होत. इंग्रजीत एकाच शब्दामुळे होणारा किमतीचा व स्वातंत्र्याचा घोटाळा मराठीत संभवत नाही. ‘मुक्त’ आणि ‘मोफत’ हे दोन स्वतंत्र शब्द आपल्याजवळ आहेत. १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी सुरू केलेल्या ‘लिनक्स’मुळे या विचाराला व्यावहारिक बळ मिळाले.

२. संकेतांचा प्रश्न :
भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ ही प्रमाण संकेतप्रणाली १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून मान्य झाली. त्याच वर्षी आलेल्या ‘युनिकोड’च्या पहिल्या आवृत्तीतील देवनागरी विभागही ‘इस्की’च्याच १९८८ च्या मांडणीवर आधारलेला होता. तथापि मुद्रणालये, वृत्तपत्रे व टंकलेखन केंद्रांमध्ये अनेक वर्षे चलती राहिली ती खाजगी फॉन्टची. त्यांत रोमन अक्षरांच्या संकेतांवर देवनागरीचे आकार बसविलेले असत. फॉन्ट बदलला की मजकुराची निरर्थक चिन्हे होत. महानुभाव पंथाच्या सकळ लिपीतील ग्रंथ किल्ली हाती येईपर्यंत बाहेरच्या अभ्यासकांना बंद होते. येथे मात्र कोणाचाही तसा हेतू नसताना मजकूर कुलूपबंद झाला.

युनिकोडने संकेताचा प्रश्न सोडविला, तरी मराठीच्या गरजा पूर्ण होण्यास वेळ लागला. स्वतंत्र ‘ॲ’ या अक्षराला संकेत मिळाला तो २००८ मधील ५.१ या आवृत्तीत.

३. मुक्त अक्षर व पुण्यातील मेळावे :
केवळ प्रमाण संकेत पुरेसा नसतो. अक्षर पडद्यावर उमटविणारा फॉन्टही सर्वांना उपलब्ध असावा लागतो. प्रा. र. कृ. जोशी यांनी मुंबईच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रात (एनसीएसटी) घडविलेला ‘रघु’ हा फॉन्ट मुक्त परवान्याखाली खुला झाला. रेड हॅटने २००४ मध्ये ‘लोहित’ फॉन्टमाला मुक्त परवान्याने दिली. लिनक्सला भारतीय भाषांत आणण्याचे काम ‘इंडलिनक्स’ प्रकल्पाने केले. पुण्यात सिम्बायोसिसच्या संगणक अभ्यास व संशोधन संस्थेत पुणे लिनक्स यूजर्स ग्रुपच्या सहभागाने २००३ पासून भरू लागलेल्या ‘ग्नूनिफाय’ या परिषदेने विद्यार्थी व तंत्रज्ञांना एकत्र आणले. फेब्रुवारी २०१२ मध्ये या परिषदेच्या जोडीने विकिमीडियाच्या तंत्रज्ञांची कार्यशाळाही पुण्यात झाली. १ मे २००३ रोजी सुरू झालेला मराठी विकिपीडिया हा मुक्त सॉफ्टवेअर आणि युनिकोड यांच्या संयोगाचे ठळक फलित होय.

४. महाविद्यालयीन संदर्भ :
संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाशी संलग्न असलेल्या वाशीम जिल्ह्यातील महाविद्यालयांना हा विषय दूरचा वाटण्याचे कारण नाही. ज्या ‘शोधगंगा’ भांडारात देशातील विद्यापीठांचे प्रबंध ठेवले जातात, ते ‘डीस्पेस’ या मुक्त प्रणालीवर उभे आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमावलीने प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत सादर करणे आवश्यक केले. परंतु खाजगी फॉन्टमधील मराठी प्रबंध भांडारात ठेवला, तरी त्यातील शब्द शोधता येत नाही. म्हणजे तो जतन होतो, पण उपयोगात येत नाही. ग्रंथालयांसाठीची ‘कोहा’ प्रणाली न्यूझीलंडमधील एका लहान ग्रंथालय न्यासाने करवून घेतली व जानेवारी २००० मध्ये वापरात आणली. साधनांनी मोठी असलेली संस्थाच असे कार्य करू शकते, हा समज त्यामुळे खोटा ठरतो.

५. आजचे प्रवाह :
मुक्त सॉफ्टवेअरच्या क्षेत्रात आता चर्चा आहे ती छापील मजकूर ओळखणाऱ्या, ध्वनी लिहून काढणाऱ्या व भाषांतर करणाऱ्या प्रणालींची. ‘टेसरॅक्ट’ ही २००५ मध्ये खुली झालेली प्रणाली मराठी छापील मजकूर ओळखते. आयआयटी मद्रासच्या ‘एआयफॉरभारत’ने २०२३ मध्ये बावीस अनुसूचित भाषांसाठी भाषांतराचे प्रारूप खुले केले. मात्र प्रारूप खुले आणि ज्या मजकुरावर ते घडले तो बंद, असेही घडू शकते. म्हणूनच ऑक्टोबर २०२४ मध्ये ओपन सोर्स इनिशिएटिव्हने कृत्रिम बुद्धिमत्तेतील ‘खुलेपणा’ची व्याख्या प्रसिद्ध केली, तेव्हा विदा किती खुला असावा हाच वादाचा मुख्य मुद्दा ठरला.

निष्कर्ष :
मजकूर टिकणे हे केवळ साठवणुकीवर अवलंबून नसते. तो वाचण्याचे साधन सर्वांचे असावे लागते. कारंजाच्या पोथ्यांना ते साधन लिपीच्या रूपाने लाभले. संगणकाच्या युगात ते प्रमाण संकेत, मुक्त फॉन्ट आणि मुक्त प्रणाली यांच्या रूपाने लाभू शकते. जिल्ह्यातील महाविद्यालयांनी आपले जुने प्रबंध, नियतकालिके व स्मरणिका युनिकोडमध्ये रूपांतरित करण्याचे काम हाती घेणे अगत्याचे आहे. जुने फॉन्ट आणि ते जाणणारे टंकलेखक उपलब्ध आहेत, तोवरच हे काम सुलभ आहे.