‘औरंगाबाद’ म्हटलं तर गुण कापायचा का?

स्मृतिभ्रंशाची शंका आली की जगभर वापरली जाणारी एमएमएसई ही ३० गुणांची चाचणी १९७५ साली अमेरिकेत फोल्स्टीन दांपत्य आणि मॅकह्यू यांनी मांडली. साधारण २४ च्या खाली गेलात की शंका वाढते. पण तिच्यात एक वाक्य वाचायचं असतं, एक लिहायचंही असतं. शाळेची पायरीच न चढलेली आजी इथे गुण गमावते, आणि दोष मात्र तिच्या मेंदूला!

हरियाणातल्या बल्लभगढच्या निरक्षर वृद्धांसाठी गांगुली आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये हिंदी आवृत्ती प्रसिद्ध केली. वाचून करायची कृती बघून करायची झाली. वाक्य लिहायच्या जागी घराबद्दल काहीतरी बोलायचं.

मराठीत आणताना नुसतं भाषांतर पुरत नाही. महिना विचारला तर खेड्यातले आजोबा ‘आषाढ’ सांगतील. ते बरोबरच की! आणि आपल्याकडचा खास घोळ म्हणजे ‘हे शहर कोणतं?’ नाव बदललं फेब्रुवारी २०२३ मध्ये. जन्मभर ‘औरंगाबाद’ म्हणणाऱ्याचा गुण कापायचा? माझ्या मते दोन्ही नावांना पूर्ण गुण, आणि हे चाचणीच्या सूचनांतच छापलेलं हवं, तपासणाऱ्याच्या मर्जीवर नको. मलिक अंबरच्या काळातलं ‘खडकी’ सांगणारं मात्र अजून कोणी भेटलेलं नाही.