कोशातला समुपदेशक

समुपदेशन शिकणाऱ्यांना स्वतःचे सांस्कृतिक पूर्वग्रह दाखवायचे कसे? माझ्या संशोधनात हा प्रश्न सारखा समोर येतो. अमेरिकेत त्याची उत्तरं कशी बदलत गेली, ते थोडक्यात सांगते.

१९६२ मध्ये गिल्बर्ट रेन यांनी लिहिलं की समुपदेशक आपल्या संस्कृतीच्या कोशात बसतो आणि कोशालाच जग समजतो. याची किंमत कोण मोजतं, हे १९७० च्या दशकात दिसलं. सिअ‍ॅटल परिसरातल्या १७ मानसिक आरोग्य केंद्रांतल्या जवळपास १४,००० लोकांच्या नोंदी स्टॅन्ले सू आणि सहकाऱ्यांनी तपासल्या. अल्पसंख्याक गटांतले सुमारे निम्मे लोक पहिल्या भेटीनंतर परत आलेच नाहीत. गोऱ्यांमध्ये हे प्रमाण ३० टक्के होतं.

मग करायचं काय? पॉल पेडरसन यांनी सरावासाठी एक युक्ती काढली. समुपदेशक आणि सल्लार्थी यांच्यासोबत तिसरा माणूस बसवायचा, सल्लार्थीच्याच संस्कृतीतला. सल्लार्थीच्या मनात चाललेलं पण ओठांवर न आलेलं त्यानं मोठ्यानं बोलायचं. म्हणजे समजा, ‘हिला काय कळणार आमच्या घरातलं?’ हे ऐकताना शिकणारी गडबडते. पण वर्गात गडबडलेलं बरं, नाही का?

१९९२ मध्ये बहुसांस्कृतिक समुपदेशनासाठी ३१ क्षमतांची यादी आली. तिची सुरुवात स्वतःची गृहीतकं ओळखण्यापासून होती. तरी शिकवताना सोपा भाग जास्त उचलला जाऊ शकतो: अमुक समाजाचे लोक असे, तमुक समाजाचे तसे.

यातला धोका १९९८ मध्ये दोन डॉक्टरांनी, मेलनी टर्वालॉन आणि जॅन मरे-गार्सिया यांनी, रुग्णालयातल्या एका प्रसंगातून दाखवला. शस्त्रक्रियेनंतर एक लॅटिनो बाई कण्हत होती. तिला बऱ्याच वेदना होताहेत, असं एक लॅटिनो डॉक्टर म्हणाले. नर्सनं ते उडवून लावलं. तिनं संस्कृतीवरचा कोर्स केला होता, आणि हे लोक दुखणं वाढवून सांगतात, असं ती त्यात शिकली होती!

बघा, पूर्वग्रह घालवायला दिलेलं शिक्षणच नवा पूर्वग्रह झालं. म्हणून या दोघींनी ‘सांस्कृतिक नम्रता’ सुचवली: आपल्याला कळलंय असं न धरता विचारत राहायचं, तेही आयुष्यभर. पुढे समुपदेशनानंही हा शब्द उचलला.

पूर्वग्रह मनात येणं थांबत नाही. त्यावरून निर्णय घेण्याआधी समोरच्याला विचारणं मात्र शिकवता येतं. आडनाव ऐकल्याबरोबर तुमच्या मनात जे उमटतं, त्यालाही हेच लागू आहे.