शेर (कुंडीतील लागवड व निगा)

एरंडाच्या कुळातील झाडासारखी वाढणारी मांसल वनस्पती. शास्त्रीय नाव यूफोर्बिया तिरुकली. लिनियसने १७५३ मध्ये नोंदवलेले. मूळ आफ्रिकेतले असले तरी गुरे तोंड लावत नाहीत म्हणून महाराष्ट्रात ते बांधावर आणि गोठ्याभोवती कुंपणाला लावतात. पेन्सिलीएवढ्या जाडीच्या हिरव्या कांड्या हेच त्याचे रूप. बारीक पाने लवकर गळतात आणि अन्न कांड्याच तयार करतात. रोपवाटिकेत ते ‘पेन्सिल कॅक्टस’ म्हणून विकले जाते, पण निवडुंगाच्या अमेरिकी घराण्याशी त्याचे नाते नाही; काटेही नाहीत.

किनवट तालुक्यातल्या इस्लापूरसारख्या गावी हे झाड उन्हाने सहसा मरत नाही, पावसाने मरते. जवळचा सहस्रकुंड धबधबा भरून कोसळतो त्या पावसाळी महिन्यांत कुंडी ओसरीवर घ्यावी; वळचणीखाली ठेवल्यास पागोळ्यांचे पाणी थेट मुळाशी साचते. तिथली काळी माती नुसती कुंडीत भरणे म्हणजे झाड बुडवणेच. एक भाग मातीत तेवढीच जाडसर वाळू आणि तेवढाच विटांचा चुरा, वर मूठभर कुजलेले शेणखत एवढे पुरते. कुंडी मातीची व तळाला भोक असलेली हवी. बोट खोल घालून माती कोरडी लागली तरच पाणी द्यावे.

रोप फांदीपासून होते. उन्हाळ्याच्या तोंडी वीतभर कांडी कापावी, कापलेल्या टोकावर पाणी मारून चीक थांबवावा, कांडी आठवडाभर सावलीत सुकवावी आणि मग जेमतेम ओल्या वाळूत उभी करावी. ओली कांडी लगेच खोचली की कुजते, तरी घाई बहुतेकांना आवरत नाही.

खरा धोका चिकाचा. तो त्वचेवर फोड आणतो आणि डोळ्यात गेला तर भयंकर आग होऊन बुबुळाला इजा होते, दृष्टी काही काळ मंदावते. छाटणीला हातमोजे व चष्मा वापरावा, हात साबणाने धुवावेत. चीक डोळ्यात उडाल्यास किमान पंधरा मिनिटे स्वच्छ पाण्याने डोळा धुऊन डॉक्टर गाठावा. तूप, मध असले घरगुती उपाय करू नयेत. लहान मुले रांगतात त्या अंगणात शेर नकोच, तिथे जेडचे रोप बरे. (शेराच्या याच चिकापासून इंधन मिळेल का, हे १९६१ चे नोबेल विजेते रसायनशास्त्रज्ञ मेल्विन कॅल्विन यांनी पुढे तपासले होते.)

‘फायरस्टिक’ या प्रकारात टोके नारिंगी-पिवळी होतात. सावलीत हा रंग उतरतो आणि कांड्या बारीक, लांबट होऊन लोंबतात. मात्र घरातले झाड एकदम मे महिन्याच्या उन्हात ठेवले तर कांड्या करपतात; ऊन रोज थोडे थोडे वाढवावे. सांध्यांत पांढरा कापूस दिसला तर तो पिठ्या ढेकूण. स्पिरिटच्या बोळ्याने पुसून काढावा. बुडाशी खोड काळे, मऊ पडले तर मूळ सोडून द्यावे आणि वरची निरोगी कांडी कापून नव्याने लावावी.