फेपऱ्यावरची दोन औषधे

मंडळी, हरसूलच्या बाजारात कुणी एकाएकी कोसळला, हातपाय झाडू लागला, की एकजण कांदा आणायला धावतो, दुसरा जोडा हुंगवतो. कुणी म्हणतो, बाहेरची बाधा! पण आपल्या चरकसंहितेनेसुद्धा अपस्मार रोगांतच गणला आहे.

खरा गुण देणारी औषधे मागाहून आली. १९१२ साली जर्मनीत डॉक्टर हाऊप्टमान यांना आढळले, की झोपेसाठी दिलेल्या फेनोबार्बिटालने झटकेही कमी होतात. औषध स्वस्त, दिवसातून एकदा घेतले तरी बहुधा पुरते. पण सुस्ती येते, पोरांचे अभ्यासात लक्ष लागत नाही. १९३८ साली अमेरिकेत मेरिट व पटनम यांनी फेनिटॉइन पुढे आणले. त्याने गुंगी कमी. पण काहींच्या हिरड्या वाढतात, मात्रा जास्त झाली तर तोल जातो.

मग चांगले कोणते? ते रोग्याचे वय पाहून, बाई गरोदर आहे का हे विचारून डॉक्टरांनीच ठरवायचे. मात्र एक गोष्ट दोन्हींना लागू. बरे वाटले म्हणून गोळी मनानेच एकदम बंद केलीत, तर झटके लागोपाठ येऊन जिवावर बेतते.

आणि गुरुजी, वर्गात मुलाला झटका आला तर त्याला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका. पाच मिनिटांत थांबला नाही, तर थेट दवाखाना गाठा.