इनामगावच्या हाडांची साक्ष

कास्थीचे तीन प्रकार आपण परीक्षेपुरते पाठ करता. सांध्यांत हाडांच्या टोकांवर काचाभ, बाह्यकर्णात लवचिक आणि मणक्यांमधील चकत्यांत तंतुमय. मटणात हाडाच्या टोकाशी दाताखाली करकरणारा पांढरा, गुळगुळीत भाग तो पहिला प्रकार. हाड बाहेरून घट्ट व आत जाळीदार, एवढे लिहिले की गुण मिळतात. परंतु याच धड्याच्या आधारे सुमारे तीन हजार वर्षांपूर्वी वारलेल्यांची वये अजमावता येतात.

आपल्या गडहिंग्लजपासून दूर, पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. तेथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. ढवळीकर, सांकलिया व अन्सारी या तिघांच्या नावे अहवालाचा पहिला खंड १९८८ साली प्रसिद्ध झाला. तेथील ताम्रपाषाणयुगीन शेतकरी आपले मृत बहुधा घरातल्या जमिनीखालीच पुरत. तान्हे मूल दोन मडक्यांत, तोंडाला तोंड लावून ठेवीत. प्रौढांची पावले मात्र घोट्यापासून तोडलेली आढळतात. मृताने परत येऊ नये म्हणून तसे करीत असावेत, असा अभ्यासकांचा तर्क आहे, तर्कच तो.

आता वयाचे पाहा. आईच्या पोटात मुलाचा बराचसा सांगाडा आधी कास्थीचाच घडतो, मागाहून त्याचे हाड होते. वाढत्या वयात लांब हाडाचा दांडा व टोक यांच्यामध्ये कास्थीचा पातळ थर उरतो. उंची वाढते ती तेथेच. मातीत हा थर कुजून जातो, म्हणून मुलांच्या हाडांची टोके सुटी सापडतात, प्रौढांची जुळलेली. कोणते टोक साधारण कधी जुळते हे ठाऊक आहे. कोपरातले आधी, गळ्याच्या हाडाचे आतले टोक सर्वांत शेवटी, विशी उलटल्यावर. म्हणजे जी कास्थी उरलीच नाही तीच वय सांगून जाते! लहान मुलांच्या बाबतीत दात अधिक खात्रीचे, हेही खरे.

खालच्या जबड्याची कथा याहून गमतीची आहे. ग्रीक वैद्य गॅलेन याच्या मते तो दोन हाडांचा होता, आणि हजार वर्षे वैद्य तसेच शिकत आले. इजिप्तमध्ये १२०० ते १२०२ च्या भीषण दुष्काळात माणसे हजारोंनी मेली. तेथे अब्दुल लतीफ अल्-बगदादी यांनी दोन हजारांहून अधिक कवट्या तपासल्या आणि लिहून ठेवले, की जबडा एकच हाड आहे. नवजात बालकात मात्र तो खरोखरीच दोन भागांचा असतो. पहिल्या वर्षाच्या सुमारास ते भाग हनुवटीपाशी सांधले जातात.